बोर्डापुढे जाण्याआधी

निवृत्तीला सहा-आठ महिने उरले की युनिटच्या ऑफिसात जवानाच्या फेऱ्या वाढतात. बायकोसोबतचा जॉइंट फोटो, बँक खातं, आधार-पॅन, नॉमिनेशन, मुलांच्या जन्मतारखांचे पार्ट टू ऑर्डर (युनिटच्या अधिकृत नोंदी), पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलसाठी लागणारा मोबाइल नंबर. नावातल्या एका अक्षरावरून पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) अडकल्याचे किस्से प्रत्येकाने ऐकलेले असतात, म्हणून या कागदांबाबत सगळेच डोळ्यांत तेल घालून असतात. त्याच यादीत मध्येच कुठेतरी रिलीज मेडिकल बोर्ड असतो, म्हणजे निवृत्तीआधी तपासणी करून अपंगत्व किती आणि ते सेवेमुळे का हे लिहिणारा लष्करी डॉक्टरांचा बोर्ड. तो मात्र 'एक दिवस हॉस्पिटलला जाऊन यायचं' एवढ्यावर निभावला जातो.

साध्या सर्व्हिस पेन्शनचा हिशेब नोकरीची वर्षं आणि शेवटचा पगार यांवर बसतो. त्यात क्लार्कची चूक झाली तर ती आज ना उद्या दुरुस्त होते. अपंगत्व पेन्शनचा हिशेब बोर्डाच्या कागदावर बसतो आणि बोर्डाचा कागद आधीच्या पंधरा-वीस वर्षांत कुणी काय लिहून ठेवलंय त्यावर. गुडघा कितीही दुखू दे, दुखण्याचा जन्म कुठल्या वहीत नोंदला नसेल तर बोर्डापुढे बसलेल्या डॉक्टरांना तो वयाचा गुडघा दिसतो.

आणि नोंद का नसते, हे फौजेत राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे, वरचेवर जाणाऱ्याकडे कंपनीत कशा नजरेने बघतात ते सगळ्यांना माहीत असतं. डाउन कॅटेगरी (तब्येतीचा खालचा दर्जा) लागली की कोर्स जातो, प्रमोशन लांबतं, दोन वर्षांचं एक्स्टेन्शन धोक्यात येतं. मग माणूस कमरेला पट्टा बांधतो, गोळ्या घेतो आणि बॅटल फिजिकल ही शारीरिक चाचणी पास करतो. नोकरीच्या हिशेबाने हे शहाणपणाचंच असतं, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. पण त्यामुळे शेवटच्या बोर्डाला तो शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, म्हणून पोचतो. शेप-वनवाल्याची तपासणी एएफएमएसएफ-१८ या फॉर्मवर उरकते. त्यात टक्केवारीचा प्रश्नच उद्भवत नाही. कॅटेगरी असलेल्याचा फॉर्म वेगळा, एएफएमएसएफ-१६. अपंगत्व पेन्शनची सगळी लढाई पुढे ज्या कागदावर लढली जाते तो हाच. तेव्हा खरंच काही दुखणं असेल तर बोर्डाची तारीख लागायच्या बरंच आधी सिक रिपोर्ट करून, तज्ज्ञ डॉक्टरला दाखवून कॅटेगरी लावून घ्यावी लागते. तात्पुरती कॅटेगरी, फेरतपासणी आणि मग कायमची कॅटेगरी ही साखळी आठवड्यांच्या हिशेबाने चालते. शेवटच्या महिन्यात ती पुरी होत नाही.

इजा आणि आजार या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि इजेची वाट त्यातल्या त्यात सरळ आहे. इजा झाली की इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६. डॉक्टर इजेचं स्वरूप लिहितो, युनिट घटना कशी घडली ते लिहितं आणि कमांडिंग ऑफिसर मत देतो की हा माणूस त्या वेळी ड्युटीवर होता की नव्हता. दुखापत गंभीर असेल किंवा घटनेबद्दल शंका असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. पुढे बोर्डावरचे डॉक्टर इजेच्या बाबतीत स्वतःहून फारसं ठरवत नाहीत. या कागदावर काय म्हटलंय ते बघतात. कागद नसेल तर फॉर्मच्या रकान्यात 'नो इंज्युरी रिपोर्ट हेल्ड' अशी एक ओळ येते आणि त्या एका ओळीवर दावा पडतो. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपवर फक्त 'पडल्यामुळे फ्रॅक्चर' असतं. कुठे पडला, कुणाच्या हुकमाने तिथे गेला होता, हे ती स्लिप सांगत नाही.

रिपोर्ट राहून गेलाय हे वर्ष-दोन वर्षांनी लक्षात आलं तरी नोकरीत असेपर्यंत इलाज असतो. त्या वेळचा कंपनी कमांडर कुठल्या तरी पोस्टिंगवर असतो, सोबतचे जवान सापडतात, एमआय रूमचं (युनिटच्या दवाखान्याचं) रजिस्टर आणि गार्ड ड्युटीची वही अजून शाबूत असते. युनिट उशिरा का होईना रिपोर्ट करू शकतं. वर्दी उतरवल्यावर हेच काम साताऱ्याच्या एखाद्या गावात बसून पत्रव्यवहाराने करायचं म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी.

ड्युटी म्हणजे फक्त संत्री पोस्ट आणि गस्त, असं पुष्कळांना वाटतं. नियमांतली ड्युटी त्याहून मोठी आहे. क्वार्टरपासून कामाच्या जागेपर्यंत रास्त रस्त्याने जाणं-येणं तिच्यात येतं. हुकमाने खेळलेला व्हॉलीबॉलचा सामना, पीटी, आंतर-कंपनी स्पर्धा हेही येतं. सरकारी खर्चाने प्रवासाचा हक्क असेल, मग तो रेल्वे वॉरंटवर असो, कन्सेशन व्हाउचरवर असो की रोख भत्त्यावर, तर ड्युटीच्या ठिकाणाहून सुट्टीच्या गावी जाताना आणि परत येताना झालेला अपघातही ड्युटीवरचा धरतात. म्हणून त्या प्रवासाचं वॉरंट, तिकीट आणि लीव्ह सर्टिफिकेट फेकायचं नसतं. मात्र गावात सुट्टीवर असताना शेतात ट्रॅक्टर उलटला किंवा लग्नाला जाताना मोटरसायकल घसरली, तर इजेचा लष्करी सेवेशी कार्यकारण संबंध दाखवावा लागतो आणि बहुतेक वेळा तो दाखवता येत नाही. अशा प्रकरणांत वर्षानुवर्षं झगडण्याआधी माणसाने स्वतःशी खरं बोललेलं बरं.

आजाराची वाट वळणावळणाची. रक्तदाब, मधुमेह, मणक्याची गादी सरकणं, हृदयविकार, मनाचे आजार, तोफखान्यातल्यांचं बहिरेपण. यांना अपघातासारखी तारीख-वेळ नसते. बोर्ड तीन रकान्यांत हो-नाही लिहितो: आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, की सेवेशी त्याचा संबंधच नाही. शेजारी कारणासाठी एक रकाना असतो. जवानाच्या पुढच्या आयुष्यातले हजारो रुपये त्या चौथ्या रकान्यातल्या दीड-दोन ओळींवर ठरतात, आणि सगळ्यात जास्त आढळणारी ओळ अशी: आजाराची सुरुवात शांत ठाण्यावर झाली; फील्ड, अतिउंच प्रदेश किंवा काउंटर-इन्सर्जन्सी सेवेशी निकटचा कालसंबंध नाही.

यातली मेख कळायला हवी. 'सुरुवात' म्हणजे डॉक्टरने पहिल्यांदा निदान लिहिलं ती तारीख. माणूस अडीच वर्षं काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सला असतो, डोकं जड वाटत असतं पण बीपी मोजायला एमआय रूमला जात नाही. पीस स्टेशनला, म्हणजे शांत ठाण्यावर, आल्यावर वार्षिक तपासणीत मशीन १६०/१०० दाखवतं. कागदावर आजाराची सुरुवात पुणे किंवा जबलपूर. म्हणून फील्डमधून परतण्याआधी तिथेच एकदा तपासणी करून घेणं आणि त्या नोंदीची प्रत ठेवणं याला मोल आहे. हृदयविकाराच्या झटक्यात तर डॉक्टरांच्या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे आधीच्या १४ दिवसांत त्या माणसाने काय काय ड्युटी केली याचा तक्ता युनिटकडून मागवतात. तो तक्ता कुणीतरी घाईत 'नॉर्मल रूटीन ड्युटी' एवढ्यावर भागवला, तर त्या १४ दिवसांतली रात्रीची कॉन्व्हॉय आणि रेंजवरची फायरिंग कुणालाच कळत नाही. आजारी माणूस आयसीयूत असताना हे बघायचं कुणी? सोबत्यांनी. मानसिक आजारात कमांडिंग ऑफिसरचा एएफएमएसएफ-१० अहवाल असतो, त्याचंही असंच.

इथे कायदा जवानाच्या बाजूने बराच भक्कम उभा आहे. सिग्नल्समधला धरमवीर सिंग १९८५ ला भरती झाला आणि फिट्सच्या आजारामुळे १९९४ ला बोर्ड आउट झाला, म्हणजे बोर्डाने अनफिट ठरवून त्याला घरी पाठवलं. अपंगत्व २० टक्के, पण पेन्शन नाकारली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं. नंतर तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं मानायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. जवानाने पुरावे गोळा करत फिरायचं नाही. आजार भरतीच्या तपासणीत कळण्यासारखा नव्हता असं बोर्डाला म्हणायचं असेल तर त्याची कारणं लिहावी लागतील. २०१५ च्या राजबीर सिंग प्रकरणात हेच पुन्हा ठासून सांगितलं गेलं. असं असूनही नकाराची पत्रं छापील मजकुरासारखी निघत राहतात. निकाल आहे म्हणून आपोआप पैसे मिळतील या भरवशावर राहू नये. निकाल कामाला येतो तो अपिलात, आणि तिथेही मूळ फॉर्ममध्ये काय लिहिलंय हे पहिल्यांदा बघतात.

तर तो एएफएमएसएफ-१६ फॉर्म. त्यात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं आणि ते बहुधा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, बाकावर, कुणाच्या तरी पाठीवर कागद ठेवून पाच मिनिटांत भरलं जातं. पहिल्यांदा सेवेचा तपशील विचारतात: कुठून कुठपर्यंत, कुठल्या ठिकाणी, पीस की फील्ड. इथे युनिटचा क्लार्क आठवणीने भरतो आणि सहा महिन्यांची अटॅचमेंट किंवा ऑपरेशनल एरियातली तुकडी गाळून टाकतो. हा तक्ता घरून, पार्ट टू ऑर्डरशी ताडून, स्वच्छ लिहून न्यावा. मग आजार किंवा इजा पहिल्यांदा कधी आणि कुठे सुरू झाली, कुठे उपचार घेतले, साधारण कोणत्या काळात. इजा असेल तर कशी झाली, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली होती का, इंज्युरी रिपोर्ट दिला होता का. नोकरीत येण्याआधी काही त्रास होता का. शेवटी, तब्येतीबद्दल आणखी काही सांगायचंय का.

या शेवटच्या प्रश्नापुढे शंभरातले नव्वद जण 'नो' लिहून मोकळे होतात. तिथे लिहायला हवं ते असं: 'जानेवारी २०१८, उत्तर सिक्कीममधली पोस्ट. बर्फातून रॉकेलचे जेरीकॅन वर नेताना घसरून पाठीवर पडलो. एमआय रूममध्ये दाखवलं, लाइट ड्युटी मिळाली. तेव्हापासून उजव्या पायात मुंग्या. २०२१ मध्ये एमआरआय, एल-४ एल-५.' तारीख, जागा, काम, उपचार, आजची स्थिती. 'पाठीत दुखतं' या दोन शब्दांतून यातलं काहीच कळत नाही. आणि भरतीआधीच्या त्रासाच्या प्रश्नाला उत्तर देताना लहानपणी झाडावरून पडलो होतो वगैरे गप्पा मारण्याच्या ओघात लिहू नयेत. खरोखरच जुना आजार असेल तर लपवू नये, तो भाग वेगळा.

डॉक्टरांच्या भागात दोन प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरं काय लिहिली गेली हे बोर्डाच्या दिवशीच विचारून घ्यावं. अपंगत्व माणसाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे किंवा गैरवर्तनामुळे आलं का? त्याने ऑपरेशन किंवा उपचार नाकारले का, आणि नाकारले असतील तर कारण काय? दुसरा प्रश्न मणक्याच्या आणि गुडघ्याच्या दुखण्यात हमखास येतो. ऑपरेशनला 'अनविलिंग' सही करून दिलेली असते आणि तिचा परिणाम कुणी समजावून सांगितलेला नसतो. नकार अवाजवी ठरला तर टक्केवारीला कात्री लागू शकते. ऑपरेशन नको असेल तर कारण लिहा: सर्जननेच यशाची खात्री दिली नाही, किंवा औषधांवर आराम आहे. कोरा नकार नको. वजन, दारू, तंबाखू यांच्या नोंदीही बोर्ड बघतो. वजन ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर रक्तदाब आणि साखरेच्या दाव्यात तेच कारण पुढे केलं जातं.

मग टक्केवारी. समवयस्क निरोगी माणसाच्या तुलनेत अपंगत्व किती, हा प्रश्न. उत्तर शून्य, १ ते ५, ६ ते १०, ११ ते १४, १५ ते १९, आणि त्यापुढे २०, ३०, ४० अशा दहाच्या पायऱ्यांनी शंभरपर्यंत. नेहमीच्या निवृत्तीत २० च्या खाली राहिलं की विकलांगता घटक, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, नाही. म्हणजे '१५ ते १९' हा रकाना मानाचा, पण पैशाच्या दृष्टीने शून्यच. दोन-तीन आजार असतील तर प्रत्येकाची टक्केवारी वेगळी लिहून मग एकत्रित आकडा काढतात. तो साध्या बेरजेने येत नाही. त्याखाली पेन्शनला पात्र असलेला निव्वळ आकडा असतो. एकत्रित ५० आणि निव्वळ शून्य असं दिसलं तर समजायचं की सगळेच आजार सेवेशी असंबंधित ठरवले आहेत. आकडा बघून खूश होऊन घरी जाणारे इथे फसतात.

पैशाचा हिशेब असा. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग, सेवा घटक आणि विकलांगता घटक. शंभर टक्के अपंगत्वाला विकलांगता घटक शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के, आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. हिशेबी पगार ६०,००० रुपये धरला तर शंभर टक्क्यांना १८,०००, तीस टक्क्यांना ५,४००. आता यात राउंडिंग, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेणं, येतं: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ चे ७५, ७६ पासून पुढे १००. म्हणजे तीसचे पन्नास झाले आणि ५,४०० चे ९,०००. वर महागाई भत्ता. आधी ही सवलत बोर्ड आउट झालेल्यांनाच मिळे. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यांनाही लागू केली. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले आणि अपंगत्व असूनही नोकरीत राहून निवृत्त होणाऱ्यांच्या घटकाला 'इम्पेअरमेंट रिलीफ' हे नाव मिळालं. त्या तारखेनंतर निवृत्त होणाऱ्याने जुन्या सोबत्याच्या पीपीओवरून आपला आकडा काढू नये. आपलं प्रकरण कोणत्या नियमांखाली आलं आणि राउंडिंग धरलं की नाही, हे रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्यावं. या नव्या नियमांमागे 'अपंगत्वाचा धंदा झालाय' ही ओरड होती. काही ठिकाणी ती खरीही असेल. पण तिची झळ बसते ती इंज्युरी रिपोर्ट नसलेल्या, नायक रँकच्या साध्या जवानाला. व्यवस्थित फाइल बांधणाऱ्याला नाही.

बोर्डाच्या कागदाची प्रत हातात घेतल्याशिवाय युनिट सोडू नये. सोबत इंज्युरी रिपोर्ट, सगळे कॅटेगरी बोर्ड, हॉस्पिटलच्या डिस्चार्ज समऱ्या, एमआरआय आणि ऑडिओमेट्रीचे अहवाल. मूळ कागद रेकॉर्ड ऑफिसला जातात. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचे बेळगावला. नंतर प्रत मागायला माहितीचा अधिकार आहेच, पण त्यात महिने जातात आणि इकडे अपिलाची मुदत चालू असते. दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं की पहिलं अपील सहा महिन्यांत. ते फेटाळलं तर दुसरं, पुन्हा सहा महिन्यांत. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्याकडच्यांसाठी मुंबईचं खंडपीठ. पाकीट फेकू नये, त्यावरचा पोस्टाचा शिक्का मुदत मोजायला लागतो. घरचा पत्ता बदलला आणि पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहिलं, हे तर नेहमीचंच. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, कारण पेन्शन दर महिन्याला देय होते. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून मागची थकबाकी साधारणपणे अर्ज केल्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच देतात. दहा वर्षं गप्प बसलेल्याची सात वर्षं गेली.

अपिलात 'मी देशाची सेवा केली' यावर दोन पानं खर्च करणारे असतात. समितीला ते माहीत असतं. तिथे लिहायचं एवढंच: भरतीच्या वेळी अमुक तपासणीत तंदुरुस्त, अमुक वर्षी अमुक ठिकाणी निदान, त्याआधी इतके महिने फील्ड, बोर्डाने कारण दिलेलं नाही किंवा दिलेलं कारण माझ्या सर्व्हिस रेकॉर्डशी जुळत नाही. आणि बोर्डाने आजार सेवेमुळे झाला असं मान्य करूनही वरच्या ऑफिसने, माणसाला पुन्हा न तपासता, ते फिरवलं असेल तर सॅपर मोहिंदर सिंग यांच्या १९९३ च्या निकालाचा उल्लेख करायचा. डॉक्टरांच्या बोर्डाचं मत नवा बोर्ड न बसवता टेबलावरून रद्द करता येत नाही, असं तो निकाल सांगतो. मसुदा करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. 'मिळाले तर निम्मे माझे' म्हणणारे एजंटही बाजाराच्या दिवशी भेटतात. त्यांना ओरिजनल कागद द्यायचे नाहीत.

२००१ पासून एक सोय झाली आहे. बोर्डाने अपंगत्व कायमचं ठरवलं की ते जन्मभराचं. पूर्वीसारखं दर काही वर्षांनी रिसर्व्हे म्हणजे फेरतपासणीच्या बोर्डाला बोलावत नाहीत. दुखणं वाढलं तर माणूस स्वतः फेरतपासणी मागू शकतो. त्यामुळे फॉर्मवर कालावधीच्या जागी 'लाइफ लाँग' लिहिलंय ना, एवढं तिथल्या तिथे बघून घ्यावं.

अग्निवीरांचं गणित आणखी कडक आहे. २०२२ च्या योजनेत चार वर्षांनी पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व येऊन बाहेर पडावं लागलं तर एकरकमी अनुदान आहे: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. वीस वर्षं नोकरी केलेल्याच्या फाइलमध्ये एक कागद हरवला तरी दुसरे दहा सापडतात. चार वर्षांच्या फाइलमध्ये ट्रेनिंग सेंटरच्या ऑब्स्टॅकल कोर्सवर मोडलेल्या घोट्याचा एकच कागद असतो, आणि त्या वयातल्या पोराला तो मागायचा असतो हे कुणी सांगितलेलं नसतं. पासिंग आउटच्या घाईत उस्ताद (प्रशिक्षक) म्हणतो, 'पट्टी बांध, परेड कर.' परेड करावी. पण संध्याकाळी एमआय रूमच्या रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि 'ऑब्स्टॅकल कोर्स, ट्रेनिंग पीरियड' एवढं लिहून घ्यावं आणि इंज्युरी रिपोर्टचा नंबर स्वतःच्या डायरीत उतरवावा.